परीक्षेआधीचे सहा आठवडे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही आणि विद्वत्ता तर नाहीच. पण आपल्या मंडळाच्या मधल्या खोलीत गेल्या खेपेस चार मुलांचा नवोदयच्या परीक्षेचा जो अभ्यास झाला, त्याची हकीकत सर्वांना कळावी, अशी चिटणीसबाईंची इच्छा आहे. तेव्हा शिकविण्याच्या गोष्टी मी सांगणार नाही. ते काम गुरुजींचे. शेवटच्या सहा आठवड्यांत हाताशी असलेला वेळ कसा वाटावा, एवढेच सांगणार आहे. वेळ वाटणे हे आपणा बायकांचे रोजचेच काम आहे.

प्रथम ही परीक्षा काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ भगिनींनी नुसते नाव ऐकले आहे. जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. १९८५-८६ साली अशा पहिल्या दोन शाळा प्रयोग म्हणून निघाल्या. एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावती जिल्ह्यात. ही गोष्ट आपल्याला अभिमानाची आहे, पण आपल्यांतल्या निम्म्या जणींना ती ठाऊक नव्हती. सहावी ते बारावीपर्यंत मुले-मुली तेथे राहून शिकतात. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके यांचा खर्च सरकार करते. नववीपासून काही मुलांकडून विकास निधी घेतात, पण मुलींना तोही माफ आहे. तीन चतुर्थांश जागा खेड्यांतल्या मुलांसाठी असतात आणि निदान एक तृतीयांश मुलींसाठी.

हे सगळे चांगले, पण जागा किती? एका शाळेत सहावीला फार तर ८०, आणि परीक्षेला मुले बसतात हजारोंनी. शिवाय पाचवीत असतानाच ही परीक्षा देता येते, आणि तीही एकदाच. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसू देत नाहीत. पुढे नववीच्या प्रवेशाची परीक्षा असते, पण रिकाम्या झालेल्या जागाच तेवढ्या भरतात. म्हणून या एका दुपारला एवढे महत्त्व.

परीक्षा दोन तासांची, सकाळी साडेअकरा ते दीड. प्रश्न ८०, गुण १००. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. पहिला भाग मानसिक क्षमतेचा. त्यात आकृत्यांचे ४० प्रश्न, ५० गुण आणि एक तास. मग अंकगणिताचे २० प्रश्न आणि भाषेचे २० प्रश्न, प्रत्येकी २५ गुण आणि अर्धा तास. पेपर मराठीतून देता येतो. चार पर्यायांतून एक निवडून त्याचा गोल बॉलपेनने काळा करायचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आता हिशेब करा: १२० मिनिटे आणि ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. कणकेचा एक उंडा लाटून तव्यावर टाकायला लागतो साधारण तेवढा वेळ. आमच्या सगळ्या योजनेचा पाया हे दीड मिनिट होते.

आमच्याकडे चार मुले होती. एक माझा धाकटा, दोघे शेजारचे, आणि चौथी एक मुलगी, जिची आई कापूस वेचणीला जाते. ही मुलगी हुशार असल्याचे शाळेतल्या बाईंनीच आम्हाला सांगितले होते. अडचण अशी की परीक्षा येते डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, आणि आपल्या भागात वेचणीचा भर त्याच दिवसांत असतो. मुलगी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वेचायला जाई आणि इतर दिवशी शाळेतून आली की धाकट्या भावाला सांभाळी. अभ्यासाला वेळ नाही असे तिची आई म्हणाली, ते खोटे नव्हते. बाहेरच्या माणसाने "शिक्षणाचे महत्त्व" सांगणे सोपे असते. त्या घरात रविवारच्या वेचणीचे पैसे हा सोमवारचा किराणा होता.

म्हणून आम्ही आधी वेळ मोजला. सहा आठवड्यांतला शेवटचा आठवडा बाजूला ठेवला. उरलेल्या पाच आठवड्यांत सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते साडेसात असा दीड तास. म्हणजे ३० संध्याकाळी आणि ४५ तास. पाच रविवारी साडेअकरा ते अडीच असे तीन तास, म्हणजे १५ तास. शेवटच्या आठवड्यात रोज एक तास, सहा दिवसांचे सहा. एकूण ६६ तास. हा आकडा कागदावर लिहिला, तेव्हा मुलांच्या आयांचे चेहरे बदलले. "खूप अभ्यास करायचा आहे" असे म्हटले की धास्ती वाटते. "६६ तास आहेत, ते कोठे खर्च करायचे?" असे विचारले की तो घरखर्चासारखा प्रश्न होतो, आणि त्याचे उत्तर आपल्याला काढता येते.

त्या मुलीच्या आईला मी म्हटले, "बाई, मला तुमच्या लेकीचे सगळे दिवस नकोत. पाच रविवार द्या. संध्याकाळी भावाला आमच्या मंडळात आणून सोडा." आपल्या मंडळातल्या ज्येष्ठ काकूंनी त्या पोराला दीड तास खेळविण्याचे कबूल केले आणि एक दिवसही चुकविले नाही. आईने दोन दिवस विचार केला आणि पाच रविवार दिले. भगिनींनो, मंडळाच्या देणगीदारांच्या यादीत तिचे नाव नाही, पण त्या वर्षी इतकी मोठी देणगी कोणी दिलेली मला माहीत नाही.

पहिल्याच रविवारी, काही शिकविण्याआधी, आम्ही चौघांना पूर्ण सराव पेपर सोडवायला बसविले. वेळ तीच, साडेअकरा ते दीड. घड्याळ समोर, बोलणे बंद, पाणी पिणे जागेवर. मग उत्तरे तपासली. त्या मुलीचे ८० पैकी ५२ बरोबर आले. मानसिक क्षमतेत ४० पैकी २९, अंकगणितात २० पैकी ८, भाषेत २० पैकी १५. सव्वाने गुणले की ६५ गुण. यावर सगळे म्हणाले, "गणित कच्चे आहे, रोज गणितच घ्या." तेथे मी थोडी आडवी आले. पिठाच्या डब्यातले पीठ कमी झाले तर आधी पाहावे लागते की खाण्यात गेले, उंदराने नेले, की डब्यालाच भोक आहे. नुसते वरून पीठ ओतून चालत नाही.

म्हणून चुकलेल्या २८ प्रश्नांचे आम्ही चार ढीग केले. हे मुलीकडूनच करविले, कारण आपण कोठे चुकलो हे तिलाच ठाऊक. पहिला ढीग ‘निसटलेली’. म्हणजे येत होते, पण घाईने किंवा प्रश्न नीट न वाचल्याने गेले. असे १० निघाले. दुसरा ‘अर्धवट’. रीत माहीत, पण मधेच विसरली. असे ९. तिसरा ‘अनोळखी’. म्हणजे मुळात कधी शिकविलेलेच नाही. असे फक्त ४. आणि चौथा ‘राहिलेली’. वेळ संपल्यामुळे त्यांना हातच लागला नाही. असे ५. दहा, नऊ, चार आणि पाच मिळून अठ्ठावीस.

आता पाहा. आपल्या मनाची ओढ नेहमी ‘अनोळखी’कडे असते. काय येत नाही त्याची धास्ती घेऊन आपण मुलाला नवे पुस्तक आणून देतो. पण शेवटच्या सहा आठवड्यांत नवे प्रकरण पहिल्यापासून शिकून पक्के होईपर्यंत तास भराभर जातात आणि हाती लागतात चार प्रश्न. उलट निसटलेली आणि राहिलेली मिळून १५ प्रश्न असे होते की त्यांसाठी नवे काही शिकायचेच नव्हते. मी ठरविले की आधी भोके बुजवायची, मग अर्धवट ते पुरे करायचे, आणि अनोळखीला वेळ उरला तर हात लावायचा.

प्रत्येक संध्याकाळच्या दीड तासाचे आम्ही तीन वाटे केले. पहिला अर्धा तास चुकांच्या वहीचा. प्रत्येक मुलाची एक वही. चुकलेला प्रश्न त्यात उतरवायचा, शेजारी ढिगाचे नाव लिहायचे, आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग रविवारी पुन्हा सोडवायचा. तीनदा बरोबर आला की त्यावर काट मारायची. मुलांना काट मारण्याची फार हौस. दुसरा अर्धा तास ‘अर्धवट’चा. एका संध्याकाळी गणिताचा एकच प्रकार घ्यायचा. आज अपूर्णांक, उद्या दशांश, परवा शेकडेवारी, मग नफा-तोटा, काळ-वेग, क्षेत्रफळ. तिसऱ्या अर्ध्या तासात घड्याळ लावून २० प्रश्न. अर्ध्या तासात २० म्हणजे तोच परीक्षेचा वेग. त्यामुळे दीड मिनिट म्हणजे किती, हे मुलांच्या अंगवळणी पडले.

‘निसटलेली’ कशी निसटतात याचे एक उदाहरण देते. "४०० रुपयांची पिशवी ४६० रुपयांस विकली, तर शेकडा नफा किती?" मुलीने ६० ला खूण केली. ६० हा नफा रुपयांत झाला. शेकडा नफा १५. पण पर्यायांत ६० होताच! चुकणारे मूल कोणत्या उत्तरावर येऊन थांबेल, हे पेपर काढणाऱ्याला ठाऊक असते. तेव्हा उपाय एवढाच की उत्तराला खूण करण्याआधी प्रश्नाचा शेवटचा शब्द पुन्हा वाचायचा. रुपये विचारले की शेकडा? सेंटिमीटर की मीटर? ‘आहे’ की ‘नाही’? या एका सवयीला आम्ही पहिले दहा दिवस दिले.

भाषेच्या भागात चार उतारे असतात आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. तेथे हुशार मुले वेगळ्या रीतीने चुकतात. उताऱ्यात काय लिहिले आहे ते न पाहता स्वतःला जे ठाऊक आहे ते सांगतात. माझा मुलगा त्यांतलाच. आम्ही नियम केला की उत्तर ज्या ओळीत आहे त्या ओळीवर बोट ठेवायचे, आणि बोट ठेवता आले नाही तर उत्तर बदलायचे.

आकृत्यांच्या प्रश्नांना तर घरचेच सामान पुरले. आरशातील प्रतिमेसाठी भिंतीवरचा छोटा आरसा काढून आकृतीच्या कडेला उभा धरला. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडले तर उलगडल्यावर तो कसा दिसेल, असा एक प्रकार असतो. तेथे आम्ही जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या घालून दाभणाने भोके पाडली. आधी मुलांनी उत्तर सांगायचे, मग कागद उलगडायचा. आठ दिवसांत मुलांना कागद लागेनासा झाला. अर्धी आकृती पुरी करण्याच्या प्रश्नांना रांगोळी उपयोगी पडली. अर्धी रांगोळी मी काढायची आणि उरलेली मुलांनी.

‘राहिलेली’साठी दोन नियम केले. एक, दीड मिनिटात सुटला नाही तर प्रश्नाला खूण करून पुढे जायचे, मात्र उत्तरपत्रिकेतला त्याचा गोल मोकळा ठेवूनच. नाही तर पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकतात आणि येणारेही जाते. दुसरा, शेवटची पाच मिनिटे राखून ठेवायची आणि एकही गोल कोरा ठेवायचा नाही, कारण चुकीला गुण कापत नाहीत. गोल काळे करण्याचाही सराव लागतो, बरे का! पाचवीतल्या मुलाचा हात पेन्सिलीला सरावलेला असतो आणि तेथे पेन्सिल चालत नाही. बॉलपेनने केलेला गोल खोडता येत नाही. आम्ही उत्तरपत्रिकेच्या नमुन्याच्या झेरॉक्स काढल्या आणि पहिल्या दिवसापासून पेन दिले. पहिल्या रविवारी ८० गोल भरण्यात मुलांची बारा-पंधरा मिनिटे गेली होती. पुढे ती निम्म्यावर आली. वाचलेली ती सहा-सात मिनिटे म्हणजेच चार प्रश्न.

दर रविवारी पेपर झाला की एक तास फक्त तपासणीचा. काही पालक म्हणाले, त्यापेक्षा आणखी एक पेपर होऊ द्या. पण तपासल्याशिवाय पेपरामागून पेपर सोडविणे म्हणजे दळण दळून पीठ न चाळणे.

पाचव्या रविवारी त्या मुलीचे ६६ प्रश्न बरोबर आले, म्हणजे साडेब्याऐंशी गुण. वाढलेले १४ प्रश्न कोठून आले तेही आम्ही पाहिले. निसटलेली १० ची ४ झाली, राहिलेली ५ चे १ उरले, अर्धवट ९ ची ५ झाली. आणि अनोळखी चार? ती चारच राहिली. त्यांना आम्ही शेवटपर्यंत हात लावला नाही. ज्या भगिनी शेवटच्या महिन्यात मुलासाठी जाडजूड गाईड आणतात, त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मात्र एकाच्या वाटणीचे वेळापत्रक दुसऱ्याला जसेच्या तसे लावू नये. माझ्या मुलाच्या वहीत घाईचा ढीग सर्वांत मोठा होता. त्याला गणितापेक्षा थांबायला शिकवावे लागले. शेजारच्या एका मुलाचे अर्धवटच जास्त, म्हणून त्याच्या संध्याकाळी गणिताला तासभर दिला. ढीग आधी पाहावे आणि वेळ मग वाटावा.

शेवटच्या आठवड्यात नवे काही नाही. रोज एक तास, आणि त्यात फक्त चुकांची वही. रात्री नऊला झोप. आदल्या दिवशी प्रवेशपत्र, दोन बॉलपेने आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून ठेवली. परीक्षेच्या दिवशी घरात रोजचेच वरण-भात-पोळी. गोडधोड करून मुलाला दिवसाची भीती घालू नये. आणि केंद्रावरून परतल्यावर "किती येतील?" हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही, असे चारही घरांत ठरले होते. तो नियम पाळणे मुलांपेक्षा बापांना जड गेले.

निकालात चौघांपैकी एकाचे नाव आले, त्या मुलीचे. माझ्या मुलाचे आले नाही. तो दोन दिवस गप्प होता, तिसऱ्या दिवशी क्रिकेट खेळायला गेला. आता तो गावच्याच शाळेत शिकतो आणि चुकांची वही अजून ठेवतो, न सांगता. म्हणून मी म्हणते की ते ६६ तास चौघांचेही कारणी लागले. हजारोंतून ऐंशी निवडायचे म्हटले की चांगली मुलेही राहतात. ते मुलाचे अपयश म्हणून त्याच्या कपाळी चिकटवू नये. दहा वर्षांच्या जिवाला उगाच ते ओझे कशाला?

आणि जिचे नाव आले, तिच्या घरीही नुसता आनंद नव्हता. तिचा बाप म्हणाला, "पोर एवढ्या लहान वयात घर सोडून राहील कशी?" आई काही बोलली नाही. वेचणीच्या हातांनी तिने मुलीच्या ट्रंकेत कपडे भरले, आणि चुकांची वही सगळ्यांत वर ठेवली. अभ्यास चांगला झाला तर मूल लवकर दूर जाते, हे या परीक्षेचे दुसरे अंग आहे. ज्या घरांतून मुले बसवाल, त्या घरांतल्या आयांशी याविषयी आधीच बोलावे, निकालानंतर नव्हे. मुलीने मन घट्ट केले, आईनेही केले. सुट्टीत ती घरी येते, तेव्हा भावाला गणित शिकवते आणि तिची आई दारात बसून ऐकते.

भगिनींनो, आपल्यांतल्या पुष्कळ जणी माझ्यासारख्याच चौथी-सातवी शिकलेल्या. मुलांचा अभ्यास आपल्या डोक्यावरून जातो म्हणून आपण बाजूला होतो. पण घड्याळ पाहणे, चुकांचे ढीग करणे, वही पुन्हा उघडायला लावणे, कोणाचे लेकरू दीड तास सांभाळणे आणि वेळेवर झोपविणे, यांतले कोणते काम आपल्याला येत नाही? गुरुजी शिकवितात ते शिकवितातच. शेवटच्या सहा आठवड्यांचा हिशेब मात्र घरच्या बाईने ठेवला तर तो चोख राहतो.

या वर्षीही मंडळाची मधली खोली संध्याकाळी सहापासून मोकळी ठेवण्यास अध्यक्षाबाईंनी परवानगी दिली आहे. ज्यांची मुले पाचवीत आहेत त्यांनी नावे द्यावीत. ज्यांची नाहीत त्यांनी आपला दीड तास द्यावा. लहान भावंडे सांभाळायला माणसे लागतीलच. आणि वेचणीला जाणाऱ्या आपल्या बहिणींच्या घरी निरोप द्यायला आपण स्वतः जावे, त्या येतील म्हणून वाट पाहत बसू नये.